खुडूक कोंबडीचा इतिहास

कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या माणसाने कोंबडीवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. मी हा विषय घरी सांगितला तेव्हा आमच्या मंडळींनीही डोळे मोठे केले होते. परंतु विचार करून पाहा. इतिहासाच्या पुस्तकांत घोडे पुष्कळ असतात, हत्ती असतात, एखाद्या सनदेत बैलही डोकावतो. कोंबडी मात्र येते ती बहुधा ताटातच. ती अंड्यांवर कशी बसली, तिला कोणी बसवले, पिल्ले किती निघाली आणि किती जगली, हे कोणी लिहून ठेवले नाही. याचे कारण उघड आहे. कोंबड्या असत बायकांच्या आणि गरिबांच्या. वरच्या समजल्या जाणाऱ्या घरांत कोंबडी उंबरठ्याच्या आत येत नसे, आणि लेखणी बहुधा त्याच घरांत असे.

आमचे मुरुम हे धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातले, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेले गाव. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. त्या राजवटीत वेठीची रीत होती. अंमलदार दौऱ्यावर आला की त्याच्या मुदपाकासाठी कोंबडी आणि अंडी गावाने पुरवायची. कोणाच्या खुराड्यातून जात, हे सांगायला नको. माझी आजी त्या काळात लहानाची मोठी झाली. घरी परका माणूस आला की कोंबड्या आधी डालग्याखाली झाकायच्या, ही सवय तिला शेवटपर्यंत राहिली.

खुडूक हा आपला जुना शब्द आहे. अंडी घालून झाली की देशी कोंबडी अंगात आल्यासारखी वागू लागते. पिसे फुलवते, जवळ गेले की घशातून आवाज काढते, जागा सोडीत नाही. तिच्या पोटाखालची पिसे झडून कातडी उघडी पडते आणि तिथे रक्ताचा पुरवठा वाढतो. ती उघडी, ऊन कातडी अंड्याला थेट टेकते. तापमान मोजायला तिला यंत्र लागत नाही. आजी अशी कोंबडी पाहून ठेवी आणि मग अंडी निवडी. फार लहान नको, फार मोठे नको, तडा गेलेले नको, आठ दिवसांपेक्षा जुने नको. तोवर ती अंडी कोंड्यात, निमुळते टोक खाली करून, गार कोपऱ्यात ठेवलेली असत. भर उन्हाळ्यात ती अंडी बसवत नसे. ‘चैत्र-वैशाखात अंडं खुराड्यातच शिजतंय,’ असं ती म्हणायची. शिजत नाही, पण बोलणे खोटेही नव्हते. उष्णता वाढली की कोंबडी बसण्याच्या आधीच अंड्यातला जीव अर्धवट वाढू लागतो आणि मग मरतो.

टोपलीत आधी राख पसरायची, म्हणजे पिसवा होत नाहीत. त्यावर मऊ भुसकट आणि त्यात अंडी, अकरा किंवा तेरा. सम आकडा चालत नसे. आणि तळाशी लोखंडाचा एक खिळा. वीज कडाडली की अंड्यातले पिल्लू मरते आणि लोखंडाने ते वाचते, असा समज होता. बी. ए.ला असताना मी या खिळ्याला हसत असे. पुढे एम. ए.च्या वाचनात कोलुमेला नावाचा रोमन ग्रंथकार हाती आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्याने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात अंडी उबवायला ठेवताना ती विषम संख्येत ठेवावीत आणि मेघगर्जनेपासून रक्षण व्हावे म्हणून तिथे लोखंडी खिळे ठेवावेत, अशी रीत सांगितली आहे. रोमचा खिळा मुरुमला आला की दोन्हीकडच्या बायकांना वेगवेगळा सुचला, हे सांगायला माझ्याजवळ पुरावा नाही. परंतु त्या दिवसापासून मी हसणे सोडले.

कोंबडीवाचून अंडी उबवण्याची खटपट यापेक्षाही जुनी. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटल लिहितो की मिसर देशात अंडी उकिरड्याच्या उबेत पुरून पिल्ले काढतात. याच ॲरिस्टॉटलने अंडी ठरावीक दिवसांनी फोडून आत काय घडते ते पाहिले. तीन दिवस आणि तीन रात्रींनंतर रक्ताचा एक ठिपका धडधडताना दिसतो, अशी नोंद त्याने केली. आज अंधाऱ्या खोलीत बॅटरीपुढे अंडे धरले की चार-पाच दिवसांनी तोच ठिपका आणि त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या रेषा आपल्याला दिसतात. आजी हेच काम कंदिलापुढे करी.

मिसरमध्ये पुढे कच्च्या विटांच्या भट्ट्या झाल्या. मध्ये बोळ, दोन्ही बाजूंना दुमजली कोठड्या. खाली हजारोंनी अंडी आणि वर गोवऱ्या-काडाची धग. उष्णता बरोबर आहे की नाही, हे भट्टीवाला अंडे पापणीला लावून ठरवी. ही विद्या काही घराण्यांतच असे आणि बापाकडून मुलाकडे जाई. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातले बेर्मा हे गाव त्यासाठी प्रसिद्ध होते. अठराव्या शतकात रेओम्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे गुपित उकलायचे मनावर घेतले. तापमापकाच्या एका मोजपट्टीला ज्याचे नाव आहे, तोच हा गृहस्थ. त्याने शेणखताच्या ढिगात पिंपे पुरली, त्यांत अंडी ठेवली, तापमापक ठेवला आणि १७४९ साली यावर ग्रंथ छापला. गंमत अशी, की पिल्ले निघाल्यावर त्याला कळले, काम संपले नसून आता सुरू होते आहे. त्या पोरक्या पिल्लांसाठी त्याने आतून मेंढीचे कातडे लावलेली एक उतरत्या छताची पेटी केली. तिचे नाव ठेवले ‘कृत्रिम आई’. मिसरच्या भट्ट्या मात्र विझल्या नाहीत. २००९ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने त्यांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हाही त्या चालू होत्या.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत उष्णता आपोआप सांभाळणाऱ्या पेट्या झाल्या आणि कोंबडीची गरज संपली. नुसती गरजच संपली नाही. ज्या दिवसांत कोंबडी खुडूक असते त्या दिवसांत ती अंडी घालत नाही, म्हणजे धंद्याच्या दृष्टीने ते दिवस वाया. तेव्हा जी खुडूक होत नाही तिचीच पैदास वाढवायची, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. व्हाईट लेगहॉर्न ही त्यातली नावाजलेली जात. आपली देशी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, तर आजच्या संकरित कोंबडीची तीनशेच्या वर जातात. बदल्यात ती बसायचे विसरली आहे. यंत्र बंद पडले तर तिला स्वतःचा वंश पुढे चालवणे कठीण, इतकी ती यंत्राशी बांधली गेली आहे.

आपल्या देशात हा बदल उशिरा आला. विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर प्रदेशात एटा येथे मिशनऱ्यांनी सुधारित कोंबड्यांचे केंद्र काढले. १९२७-२८च्या सुमारास कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतला कोंबड्यांची एक साथ नोंदली गेली आणि त्या रोगाला गावाचेच नाव मिळाले. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणतात. १९१८च्या इन्फ्लुएंझालाही आपल्या माणसांनी हेच नाव दिले होते, हा योगायोग मला नेहमी बेचैन करतो. स्वातंत्र्यानंतर, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत, मुंबईच्या आरे वसाहतीत आणि दिल्ली, बंगलोर, भुवनेश्वर, सिमला या ठिकाणी सरकारी पैदास केंद्रे निघाली. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज हा उद्योग काढला, आणि पुढे पुणे हे त्याचे मुख्य ठाणे झाले. एक दिवसाचे पिल्लू खोक्यात घालून शेकडो मैल पाठवता येते, हा या सगळ्या धंद्याचा पाया. ते जमते याचे कारण असे, की बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस दाण्यावाचून जगते.

ही शिदोरी ठाऊक नसल्याने घरोघर पिल्ले मारली जातात. हो, मायेने मारली जातात. एकविसाव्या दिवशी अंड्याला टवका पडतो, आतून चिवचिव ऐकू येते, पण दहा-बारा तास झाले तरी पिल्लू बाहेर येत नाही. मग कोणीतरी कळवळून कवच सोलते. वास्तविक त्या वेळी आतल्या पापुद्र्यात रक्त वाहत असते आणि बलक पोटात जात असतो. सोलले की रक्त येते, बेंबी उघडी राहते. टवका पडल्यापासून चोवीस तासांपर्यंत वाट पाहण्यात काही गैर नाही. आजी आमच्या हातावर चापट मारी. ‘हात लावू नको रं बाबा, त्याचं त्यालाच निघू दे.’

निघाल्यावरही जे अशक्त दिसते त्याला पहिली गरज उबेची, खाण्याची नव्हे. गारठलेल्या पिल्लाच्या चोचीत दाणे कोंबू नयेत. ते कोरडे करावे, गोणपाट अंथरलेल्या टोपलीत ठेवावे आणि वर साठ वॅटचा दिवा टांगावा. पहिल्या आठवड्यात टोपलीत सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब असावी, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. तापमापक नसला तर पिल्लेच सांगतात. एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजते आहे, आणि चोची उघडून दिव्यापासून लांब पळाली तर उकडते आहे. सावरले की कोमट पाण्यात किंचित गूळ घालून चोचीच्या टोकाला थेंब लावावा. पाण्याचे भांडे उथळ हवे आणि त्यात खडे टाकावेत, नाहीतर पिल्ले त्यात बुडतात. खाली वर्तमानपत्र घालू नये. त्यावरून पाय घसरून फाकतात. फाकलेच, तर मऊ चिंधीने दोन्ही पाय थोडे अंतर ठेवून तीन-चार दिवस जोडून बांधावेत; बहुतेक वेळा सरळ होतात. गुदद्वाराशी विष्ठा चिकटून बसली तर कोमट पाण्याने भिजवून काढावी, ओढू नये. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालून घ्यावा. मानमोडीवर पुढे इलाज नाही, म्हणून हा थेंब.

पिल्लांची ही पेटी पुढे माणसाच्या मुलांच्याही कामी आली. १८८०च्या सुमारास पॅरिसमधले प्रसूतितज्ज्ञ तार्निये यांनी एका प्राणिबागेत कोंबडीची अंडी उबवण्याची पेटी पाहिली. ती करणाऱ्या कारागिराकडूनच त्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तशी पेटी करवून घेतली. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी सुरू केली. त्यातही बाळाला उबदार पिशवीत ठेवणे हा एक भाग होता.

१९९३च्या ३० सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा सातवीत होतो. आमच्या घराची मागची भिंत कलली आणि आम्ही सगळे मोकळ्या जागेत आलो. आजी मात्र उजाडल्यावर कोणाचे न ऐकता आत शिरली. कोपऱ्यातल्या टोपलीत खुडूक कोंबडी होती. अंगावर माती पडली होती, पण ती उठली नव्हती. आजीने टोपली जशीच्या तशी डोक्यावर घेऊन बाहेर आणली. पुढे किती तरी रात्री आम्ही उघड्यावर झोपलो, कारण धक्के थांबत नव्हते. त्या तेरा अंड्यांतून आठ पिल्ले निघाली. आठवे मरतुकडे होते. आजीने ते कापसात गुंडाळून दोन रात्री कमरेच्या ओच्यात बाळगले. ते जगले. त्या सालच्या कोंबड्या विकून आलेले पैसे तिने घरात दिले नाहीत. माझ्या आठवीच्या वह्या-पुस्तकांना दिले. कोंबडीचा पैसा तिचा, असा आमच्याकडे न बोललेला कायदा होता.

आता गावात गिरीराज कोंबड्या पुष्कळ दिसतात. ही जात बंगलोरच्या कृषी विद्यापीठाने काढली. वजनाला भारी, अंडी मोठी, पण बसण्याचे नाव नाही. तेव्हा तिची अंडी बायका देशी कोंबडीखाली ठेवतात. परंतु गावातले कोंबडेही आता संकरित होत चालले आहेत, आणि खुडूक कोंबडी मागायला दोन-चार गल्ल्या हिंडावे लागते. २०२१च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी बर्ड फ्लूने सुमारे आठशे कोंबड्या मेल्या. नावाच्या साम्यामुळे आम्हालाच फोन येऊ लागले. त्या भीतीने आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायकांनी होत्या त्या देशी कोंबड्या मिळेल त्या भावाने काढून टाकल्या. त्या परत भरल्या गेल्या नाहीत.

गेल्या पौषात माझ्या मुलीने खोक्यात दिवा लावून घरीच पेटी केली होती. त्यात गिरीराजची बारा अंडी होती. अठराव्या रात्री वीज गेली ती सकाळपर्यंत आली नाही. पहाटे आम्ही अंडी टॉवेलात गुंडाळून शेजारच्या काकूंकडे नेली. त्यांची कोंबडी नुकतीच खुडूक झाली होती. काकूंनी काही विचारले नाही. एकेक अंडे गालाला लावून पाहिले आणि तिच्या पोटाखाली सरकवले. नऊ पिल्ले निघाली. उरलेली तीन फोडली, त्यांत दोन वांझ होती आणि एकात पुरे वाढलेले पिल्लू होते. टोपली धुवायला काढली, तेव्हा भुसकटाखाली गंजलेला खिळा निघाला. मुलीने तो काकूंना विचारून घरी आणला. सध्या तो तिच्या खोक्यात आहे.