मध्येच आलेली हाक

२०१६ साली मी माझ्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या घरच्या जुन्या संगणकावर ध्वनिमुद्रित केल्या. पुढच्याच वर्षी ती गेली. नंतर ऐकताना लक्षात आले, की तीन-चार ठिकाणी ‘टिक्’ असा आवाज येऊन एखादे अक्षर गिळले गेले आहे. मायक्रोफोन बदलला, वायरी बदलल्या, माझाच आवाज मुद्रित करून पाहिला. कधी दहा मिनिटांत चारदा खोट यायची, तर कधी तासभर काहीच नाही. जी चूक मुद्दाम पुन्हा घडवून आणता येत नाही, ती शोधायची कशी? या प्रश्नाचा माग काढत मी १९५०च्या दशकातल्या ॲम्स्टरडॅमला जाऊन पोहोचलो.

तिथल्या गणित केंद्रात लोपस्ट्रा आणि स्खोल्टेन हे दोघे ‘एक्स-१’ नावाच्या संगणकाची रचना करत होते. तोवर बहुतेक यंत्रांत छपाईसारखे संथ काम चालू असले, की गणित करणाऱ्या भागाला त्याची वाट पाहत थांबावे लागे. या दोघांनी उपाय काढला: गणित चालूच ठेवावे, छपाईयंत्र मोकळे झाले, की त्यानेच हाक मारावी. हाक आली, की हातातले काम जिथल्या तिथे ठेवायचे, तिची दखल घ्यायची आणि पुन्हा कामाला लागायचे. हाच ‘इंटरप्ट’.

त्यासाठी आज्ञावली लिहिण्याचे काम एट्सखर डाइक्स्ट्रा या तरुणाकडे आले आणि तो घाबरला. हाक कोणत्याही दोन आज्ञांच्या मध्ये येऊ शकते. परतताना एखादा आकडा जरी जागचा हलला, तरी गणित चुकणार. आणि तपासायला बसावे तर तो योग पुन्हा जुळणार नाही. उतारवयात लिहिलेल्या आठवणींत त्याने सांगितले आहे, की त्याने होकार लांबवला आणि सहकाऱ्यांनी स्तुती करून त्याला राजी केले. हेच काम पुढे १९५९च्या त्याच्या प्रबंधाचा विषय झाले. १९६८ साली त्याने आइंडहोव्हन इथल्या कार्यप्रणालीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिच्या रचनेत घड्याळाची आणि उपकरणांची हाक खालच्या थरांतच झेलली जाते. वरच्या थरांतल्या कामांना तिचा पत्ताही लागत नाही. भीती खरी होती, म्हणूनच व्यवस्था नेटकी झाली.

माझ्या संगणकावर होती लिनक्स. १९९१ साली सुरू झालेल्या या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, हाकेचे काम दोन भागांत करतो. रजिस्टर पत्र आले की सही करून ते लगेच ताब्यात घ्यायचे. वाचायचे मात्र सवडीने. पण सही चालू असताना त्या प्रोसेसरवर बाकीचे सगळे खोळंबते. ध्वनिमुद्रणात सेकंदाला ४८,००० नमुने येतात. ते २५६च्या घासांनी उचलायचे, तर दर ५.३ मिलिसेकंदांनी वेळेवर हजर राहावे लागते. एखाद्या उपकरणाची सही लांबली, की घास चुकतो. आत्याचे अक्षर तसेच गेले होते.

यावरचा उपाय थॉमस ग्लाइक्सनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घडवला. प्रत्येक हाकेला स्वतंत्र धागा, म्हणजे थ्रेड, द्यायचा. मग ती इतर कामांसारखीच रांगेत उभी राहते आणि रांगेत पुढे कोण, हे आपण ठरवू शकतो. २००९ साली ही सोय कर्नलमध्ये आली. घड्याळासारख्या मोजक्या हाका वगळून बाकी सगळ्यांना असे धागे देण्याची सक्ती करणारा ‘थ्रेडआयआरक्यूज’ हा पर्याय २०११ साली आला. संगणक सुरू होताना कर्नलला एवढा एक शब्द सांगायचा. कोणतेही काम जवळपास कुठेही थांबवता यावे, असा संपूर्ण ‘रिअल-टाइम’ पर्याय मुख्य कर्नलमध्ये सामील व्हायला मात्र २०२४ उजाडले. त्याआधी सुमारे २० वर्षे तो वेगळा जोडून घ्यावा लागे.

एवढा उशीर का, असे मलाही वाटले होते. पण या सोयीला किंमत आहे. वारंवार काम बदलण्यात वेळ जातो आणि एकूण काम थोडे कमी उरकते. हजारो लोकांची मागणी पुरवणाऱ्या यंत्राला ते परवडत नाही; आवाज टिपणाऱ्या किंवा यंत्रमानव चालवणाऱ्या संगणकाला दुसरा मार्गच नसतो. कर्नल बांधताना पडद्यावर येणारी पर्यायांची रूक्ष यादी म्हणूनच मी आता वेगळ्या नजरेने वाचतो. कोणासाठी कोणाचे काम थांबवायचे, हा जुना प्रश्न तिथे ओळीओळीने विचारलेला असतो, आणि उत्तर प्रत्येकाने आपल्या कामाकडे पाहून द्यायचे असते.

मी तो एक शब्द लिहिला, ध्वनीच्या धाग्याला रांगेत पुढे उभे केले. त्यानंतर गावातल्या आणखी पाच जणींच्या ओव्या टिपल्या. त्यांत एकही टिक् नाही. आत्याच्या ओव्यांतली गेलेली अक्षरे मात्र मी अंदाजाने भरलेली नाहीत. तिथे ती मोकळीच ठेवली आहेत.