कैसराचा दिनार आणि नहपानाचा द्रम्म

कैसराला कर द्यावा की नाही, असा पेच घालणाऱ्यांकडून प्रभू येशूने एक नाणे मागून घेतले, हा मार्कच्या शुभवर्तमानातील प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. ते नाणे म्हणजे रोमचा चांदीचा दिनार. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील मजुराची दिवसाची मजुरीही एक दिनारच होती. असे नाणे एकदा तरी हातात घ्यावे, ही इच्छा भाविक मनाला होणे स्वाभाविक आहे.

त्या काळी तिबेरियस (इ.स. १४ ते ३७) हा कैसर होता. त्याच्या दिनाराच्या दर्शनी बाजूस पानांची माळ घातलेले मस्तक आणि मागे राजदंड व डहाळी घेऊन बसलेली स्त्री दिसते. वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास असते. शुभवर्तमानामुळे या नाण्याला मागणी मोठी आणि किंमतही चढी. त्या मानाने दुसऱ्या शतकातील अंतोनिनस पायस किंवा तिसऱ्या शतकातील तिसरा गॉर्डियन यांची नाणी विपुल, म्हणून स्वस्त. मस्तकावर किरणांचा मुकुट असेल तर ते इ.स. २१५ मध्ये काराकालाने सुरू केलेले मोठे नाणे समजावे. पुढे त्यातील चांदी घटत गेली आणि इ.स. २७० च्या सुमारास तांब्यावर केवळ रुपेरी मुलामा उरला.

हे रोमन रुपे आपल्या देशाला परके नव्हते. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरी सोन्याचांदीचे दिनार येत व स्थानिक नाण्यांशी बदलताना नफा होई, असे नमूद आहे. त्यात सोपारा, कल्याण, पैठण व तेर यांचीही नावे येतात. स्वारगेटहून आपण ज्या कोल्हापूरची गाडी धरतो, तेथील ब्रह्मपुरीच्या टेकाडात पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती मिळाली, तीही याच व्यापाराची खूण.

असे असता महाराष्ट्रात प्रत्यक्ष दिनार विरळाच आढळतात. क्षत्रप राजांनी ते वितळवून आपले द्रम्म पाडले असावेत, असे अभ्यासक मानतात. नहपानाच्या द्रम्मावर राजाचे मस्तक व ग्रीक अक्षरे असून मागे बाण व वज्र आहेत. वजन सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. चष्टनाच्या घराण्याच्या नाण्यांवर मागे तीन कमानींचा डोंगर, चंद्र व सूर्य असतात आणि ब्राह्मी लेखात राजाबरोबर त्याच्या पित्याचेही नाव असते. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून मस्तकामागे शकवर्षही येऊ लागले. त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. उदाहरणार्थ, २०० हा आकडा म्हणजे इ.स. २७८. सामान्य संग्राहकाला परवडणारे आणि रोमचा स्पर्श झालेले नाणे ते हेच.

तथापि नाणे ओळखणे हे अर्धेच काम होय. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाची १३,००० हून अधिक नाणी एकत्र सापडली. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. त्याने क्षत्रपांवर मिळवलेल्या विजयाचा हा ठसठशीत पुरावा ठरला. हा साठा सराफाच्या मुशीत गेला असता, किंवा एकेक नाणे गुपचूप विकले गेले असते, तर नाणी उरली असती वा नसती, पण त्यांची साक्ष निश्चितच हरवली असती.

म्हणून स्वारगेटच्या चौकात किंवा जुन्या बाजारात कोणी ‘नुकतेच जमिनीतून निघालेले’ म्हणून नाणे पुढे केले, तर आपण सावध व्हावे. ते खोटे असेल तर पैसे बुडतात. खरे असेल तर इतिहास बुडतो. कडेला सांध्याची रेघ, पृष्ठभागावर बारीक छिद्रे किंवा वजनात फरक दिसला तर ओतीव नक्कल असल्याचा संशय घ्यावा. पावती देणाऱ्या जाणत्या व्यापाऱ्याकडूनच खरेदी करावी आणि नाणे घासून चकचकीत करू नये. १८७८ च्या कायद्यान्वये सापडलेल्या गुप्तधनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, तर १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीचे नाणे खासगीरीत्या परदेशी नेण्यास मनाई आहे.

कैसराचे ते कैसराला द्यावे, ही शिकवण आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. भूमीच्या पोटातून निघालेला ठेवा सर्वांचा असतो. तो सर्वांसाठी राखणे, हेही ते देणे फेडण्यासारखेच आहे, असे आम्हाला वाटते.