सागर परिक्रमेतील दिवस

शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा दर्यावर्दी किनारा दिसेनासा झाल्यावर जे आठवडे आणि महिने पाण्यावर काढतो, त्यांचा दिनक्रम. भारतात हा विषय नौदलाच्या ‘सागर परिक्रमा’ मोहिमांशी जोडलेला आहे आणि त्या मोहिमांचे मूळ सातारा जिल्ह्यात सापडते. जिल्ह्यातील महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री नदी घाट उतरून बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. पण जिल्ह्याला स्वतःचा किनारा नाही. अशा जिल्ह्यात, फलटण तालुक्यातील विंचुर्णी या गावी, १९७१च्या युद्धात ‘कामोर्टा’ या युद्धनौकेचे नेतृत्व करून वीरचक्र मिळवलेले व्हाइस अॅडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी निवृत्तीनंतर स्थायिक झाले. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एकट्याने जगाला वळसा घालावा, ही कल्पना त्यांची. त्यांनी ती वर्षानुवर्षे लावून धरली. २००६ साली नौदलातील पाणबुड्या अधिकारी कमांडर दिलीप दोंदे यांनी या कामासाठी स्वतःचे नाव पुढे केले.

बोट गोव्यात बांधली गेली. दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात लाकडी पट्ट्या आणि फायबरग्लास यांपासून सुमारे १७ मीटर लांबीची ‘म्हादई’ तयार झाली व फेब्रुवारी २००९मध्ये नौदलाकडे आली. गोव्याच्या जीवनदायी नदीचे नाव तिला दिले गेले. दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन या चार बंदरांत थांबून ते १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या मोहिमेत किनाऱ्यावरची बाजू सांभाळणारे अभिलाष टॉमी यांनी पुढे हीच बोट घेऊन १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात कुठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली.

अशा प्रवासात वेळ कसा घालवायचा हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. बोटीवरच्या माणसाला वेळ पुरत नाही, आणि दिनक्रम समजून घ्यायचा तर इथूनच सुरुवात करायला हवी. सुकाणू चोवीस तास हातात धरावे लागत नाही. वाऱ्याच्या दिशेनुसार चालणारे स्वयंचलित सुकाणू ते काम करते. पण वारा वाढला की शीड आखडायचे, पडला की पुन्हा सोडायचे, दिशा बदलली की दोर नव्याने ताणायचे, हे माणसानेच करायचे. ते काम रात्री, पावसात, कलंडलेल्या डेकवर, अंगाला सुरक्षेचा पट्टा बांधून करावे लागते. दोर जिथे घासतो तिथे झिजतो. शिडाची शिवण आधी एका टाक्याने उसवते, मग फाटते. म्हणून रोज डेकवर नाळेपासून मागच्या टोकापर्यंत फेरी मारून प्रत्येक गाठ, कप्पी आणि खिळा पाहणे हा दिवसाचा कणा ठरतो. तळाशी साठलेले पाणी उपसणे, इंजिन पाहणे, बॅटऱ्या भारणे, हवामानाचे अंदाज उतरवून घेणे, नोंदवहीत जागा, वेग व हवेचा दाब लिहिणे, ही कामे त्यानंतरची.

झोप तुकड्यांत घ्यावी लागते आणि त्यामागे साधे गणित आहे. छोट्या बोटीवरून मोठे जहाज साधारण आठ-दहा सागरी मैलांवर दिसू लागते. दोघे समोरासमोर येत असतील आणि त्यांचा एकत्रित वेग ताशी २५ सागरी मैलांच्या आसपास असेल, तर हातात फक्त वीस-पंचवीस मिनिटे उरतात. म्हणून वर्दळीच्या पाण्यात डुलकी तेवढीच. मग उठून क्षितिजावर नजर फिरवायची. रडार आणि जहाजांची ओळख सांगणारे यंत्र धोक्याचा इशारा देते, पण जाळी टाकून उभ्या असलेल्या लहान मासेमारी होड्या त्यात दिसतीलच असे नाही. त्यामुळे भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या रात्री जवळजवळ जागूनच काढाव्या लागतात. दक्षिण महासागरात जहाजे विरळ असतात आणि झोप थोडी लांबते. म्हणजे जे पाणी सर्वांत भीतीदायक मानले जाते तिथे माणसाला जरा जास्त झोप मिळते. ही गोष्ट दर्यावर्दीखेरीज इतरांना सहसा सुचत नाही.

घड्याळाचाही गोंधळ होतो. पूर्वेकडे जाणाऱ्या बोटीचा दिवस चोवीस तासांपेक्षा किंचित आखूड असतो. ४५ अंश दक्षिणेवर रेखांशाचा एक अंश सुमारे ४२ सागरी मैलांचा. दिवसाला १८० मैल कापले तर सव्वाचार अंश पुढे सरकतात आणि सूर्य सुमारे १७ मिनिटे लवकर उगवतो. ही मिनिटे साठत जातात. वाररेषा पूर्वेकडे ओलांडताना एक तारीख दुसऱ्यांदा जगावी लागते, आणि पूर्ण प्रदक्षिणेत घरच्या माणसांपेक्षा एक सूर्योदय जास्त पाहायला मिळतो.

स्वयंपाकाला बोटीवर फार महत्त्व असते. ताजी भाजी आणि फळे आधी संपतात. कांदे, बटाटे आणि लिंबे टिकतात. त्यानंतर डाळ-तांदूळ, डबाबंद पदार्थ आणि तयार जेवणाची पाकिटे. शेगडी बोटीबरोबर कलंडू नये म्हणून दोन बाजूंनी झुलती टांगलेली असते, तिच्यावर प्रेशर कुकरला पर्याय नाही, कारण झाकण घट्ट बसते आणि उकळते अन्न अंगावर सांडत नाही. गोडे पाणी मोजून वापरायचे. आंघोळ समुद्राच्या पाण्याने किंवा पाऊस आला तर त्यात. दक्षिणेच्या थंडीत तीही होत नाही. गरम जेवण वेळेवर झाले नाही की हात चुकतात, म्हणून वादळाच्या आधी पोटभर खाऊन घेणे हा सुरक्षेचाच भाग समजतात.

मन सर्वांत जास्त खचते ते वादळात नव्हे, वारा पडल्यावर. विषुववृत्ताजवळच्या निर्वात पट्ट्यात शिडे लटकतात, परवाण या बाजूहून त्या बाजूला आपटते, ऊन तळपते आणि नकाशावरचा ठिपका हलत नाही. चाळीस अंश दक्षिणेपलीकडच्या सोसाट्यात जीव मुठीत धरावा लागतो, तरी तिथे करायला काहीतरी असते. पुस्तके, संगीत, उपग्रहावरून घरी धाडलेला मजकूर, डेकवर येऊन पडलेले उडते मासे, हे सोबती खरे उपयोगी पडतात ते या थांबलेल्या दिवसांत. टप्प्यांचे समारंभही दिवसांना आकार देतात. अभिलाष टॉमी यांनी केप हॉर्नला वळसा घातला तो २६ जानेवारी २०१३ रोजी, प्रजासत्ताक दिनी.

प्रवासी जहाजावरचे दिवस याहून अगदी निराळे. तिथे कष्ट खलाशांचे आणि रिकामा वेळ प्रवाशाचा. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून पतीशिवाय निघाल्या तेव्हा त्या नुकत्याच अठराच्या झाल्या होत्या. न्यूयॉर्कला त्या ४ जूनला पोचल्या. त्याच वर्षी पंडिता रमाबाई लहान मुलीसह विलायतेला गेल्या आणि त्यांनी तो प्रवास मराठीत लिहून काढला. स्वतःच्या आहाराचे आणि धर्माचे नियम सांभाळून परक्या माणसांत आठवडे काढणे हे त्या काळच्या हिंदू स्त्रीसाठी शीड ओढण्याइतकेच कठीण काम होते. या दोघींची गणना समुद्रप्रवाशांत क्वचितच होते, ती व्हायला हवी.

एकट्याऐवजी अनेकजण असले की पाळ्या लागतात आणि दिवसाचा ताल बदलतो. ‘तारिणी’ या गोव्यातच बांधलेल्या भगिनी-बोटीवर लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात प्रदक्षिणा केली. त्यानंतर लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी परतल्या. टॉमी त्यांचे मार्गदर्शक होते. दोघींच्या बोटीत एक झोपते तेव्हा दुसरी पहाऱ्यावर असते. त्यामुळे सोबत असूनही एकत्र मोकळा वेळ मिळतो तो पाळी बदलताना आणि जेवणाला. आवटींना सहा जणींची मोहीम पूर्ण झालेली पाहता आली. ४ नोव्हेंबर २०१८ रोजी विंचुर्णी येथे त्यांचे निधन झाले.

जमिनीवर उतरल्यावरही समुद्र काही काळ सुटत नाही. महिनोन्‌महिने हलत्या डेकशी जुळवून घेतलेल्या मेंदूला स्थिर जमीनही काही काळ डोलतच असल्यासारखी वाटते. फार चालायला न मिळालेल्या पायांना पुन्हा बळ यावे लागते, आणि दर काही मिनिटांनी जागे होण्याची सवय मोडून अखंड रात्रभर झोपायला पुष्कळ दिवस लागतात.