मूत्रातील एन्झाइम आणि मूत्रपिंडाचा कर्करोग
मूत्रपिंडाचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही. लघवीतून रक्त जाईपर्यंत गाठ बहुधा बरीच वाढलेली असते. त्यामुळे लघवीतच आधी काही खूण सापडावी, या शोधाला मोठे मोल होते. 1962 मध्ये बोस्टनचे वॉरन वॅकर आणि डॉर्फमन यांनी मूत्रपिंड व मूत्राशयाच्या कर्करोगासाठी लघवीतील लॅक्टिक डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम मोजण्याची चाचणी मांडली. लघवीतले काही लहान रेणू या एन्झाइमचे काम रोखतात. म्हणून नमुना पातळ पडद्याच्या नळीत भरून पाण्यात ठेवायचा, ते रेणू निघून गेले की मोजणी करायची. साध्या साधनांतून साधलेली ही युक्ती खरोखर कौतुकास्पद होती. पुढच्याच वर्षी अल्कलाइन फॉस्फटेज या दुसऱ्या एन्झाइमचीही तशीच तपासणी पुढे आली.

अडचण निदानाच्या नेमकेपणात होती. जंतुसंसर्ग झाला, मूत्रपिंडाला सूज आली, तरी इजा झालेल्या पेशींतून हीच एन्झाइमे लघवीत उतरतात. वाढलेला आकडा इजा सांगे, तिचे कारण सांगत नसे. 1970च्या दशकात सोनोग्राफी व सीटी स्कॅन आले आणि गाठ थेट दिसू लागली. तरी लघवीतील खुणेचा शोध थांबला नाही. 2010 मध्ये सेंट लुईसच्या संशोधकांनी मूत्रपिंडाच्या कर्करोगाची खूण म्हणून लघवीतील अ‍ॅक्वापोरिन-1 व अ‍ॅडिपोफिलिन ही प्रथिने तपासली; ती एन्झाइमे नव्हेत.