अँटिया, नोशीर होरमसजी

(१९२२–२००७). भारतीय प्लास्टिक सर्जन आणि कुष्ठरोगात मज्जातंतू कसे नासतात याचे संशोधक. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवी. पुढचे प्रशिक्षण इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली. परतल्यावर पुण्याजवळच्या कोंढव्यातील कुष्ठरुग्णालयात त्यांनी बसलेली नाके आणि वाकलेली बोटे दुरुस्त करायला घेतली.

पार्श्वभूमी : दक्षिण महाराष्ट्रात कुष्ठसेवेचे जुने केंद्र मिरज. विल्यम वॉन्लेस यांनी तिथे १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उभारले. लेप्रसी मिशनचे रिचर्डसन कुष्ठरुग्णालयही मिरजेतच आहे.  

कुष्ठरोग्याची बोटे झडून पडतात, हा समज सर्वत्र होता. प्रत्यक्षात बोटांची जाणीव जाते. चुलीवरचा तवा हाताला लागला तरी चटका कळत नाही, जखम चिघळते आणि बोट खुजे होत जाते. वेल्लोरला शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस शाबूत स्नायूंच्या कंडरा वळवून कुष्ठरोगाने आखडलेला पंजा उघडून दाखवला.

कार्य : १९५८ मध्ये जे. जे. रुग्णालयात अँटिया यांनी टाटा प्लास्टिक सर्जरी विभाग सुरू केला. कुष्ठरुग्णांना त्यांनी वेगळ्या आवारात न ठेवता सर्वसाधारण रुग्णालयातच खाट दिली. १९६७ मध्ये सहकारी बुच यांच्यासह त्यांनी कानाच्या कडेची तूट भरून काढण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. ती आजही ‘अँटिया–बुच’ याच नावाने ओळखली जाते.

मज्जातंतूंवरील संशोधन : शस्त्रक्रियेने बोट सरळ होई, जाणीव मात्र परतत नसे. कोपर आपटल्यावर ज्याने झिणझिण्या येतात, तोच मज्जातंतू या रोगात वारंवार सापडतो. तो त्वचेलगत असतो आणि जंतूला शरीराचा थंड भाग मानवतो. कापलेला मज्जातंतू अनुकूल स्थितीत दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत पोहोचायला वर्षाहून अधिक काळ. कुष्ठरोगात तर आतली वाटच व्रणाने बुजलेली असते.

मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये व्ही. पी. शेट्टी आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी असे मज्जातंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. आधी तंतूचा गाभा रोडावतो आणि मग त्यावरचे मायलिनचे आवरण उसवते, असा क्रम त्यांच्या गटाने मांडला (१९८८). बहुविध औषधोपचारानंतर त्वचेच्या तुलनेत मज्जातंतूत जंतू अधिक काळ टिकून राहतात, असेही त्यांना आढळले (१९९२). या निष्कर्षाचे उपचाराच्या कालावधीवर काय परिणाम व्हावेत, याबाबत एकमत नाही. शेट्टी यांच्यासह लिहिलेला परिघीय मज्जातंतूंवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९९७ मध्ये ऑक्सफर्डने प्रकाशित केला.

 

सामाजिक आरोग्य : मेलेला मज्जातंतू जिवंत होत नसेल, तर बधिर चट्टा वेळीच ओळखणारे माणूस गावातच हवे. हे ओळखून अँटिया शस्त्रक्रियागृहाबाहेर पडले. १९७० च्या दशकात अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात त्यांनी अल्पशिक्षित गावकरी स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. स्त्रियांनी काम पेलले, पण प्रकल्प स्थानिक विरोधामुळे गुंडाळावा लागला; त्याच्या कारणांविषयी मुख्यतः अँटिया यांचीच बाजू छापील आहे.

सन्मान : पद्मश्री (१९९०).

आत्मचरित्र ‘अ लाइफ ऑफ चेंज’ त्यांच्या मृत्यूनंतर, २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.