जुलाबानंतरची पेज

आमच्या नगरला (सरकारदरबारी आता अहिल्यानगर, बोलताना मात्र नगरच) परदेशी माणूस नवा नाही. दौंड रस्त्यावर अरणगावजवळ अध्यात्मगुरू मेहेरबाबा 1923 मध्ये आले आणि मेहेराबाद उभं राहिलं. 1930च्या दशकात युरोप-अमेरिकेतले शिष्य येऊ लागले, समाधीच्या दर्शनाला अजूनही येतात. त्यातले काही माझ्या दवाखान्यात डोकावतात. बहुतेकांचं मागणं एकच असतं: पोट आतून साफ करून द्या, आठवडाभर उपाशी राहायची तयारी आहे.

शोधनात, म्हणजे शरीर आतून साफ करण्याच्या उपचारात, सुरुवातीला उपास नसतो, तूप असतं. रोज सकाळी वाढत्या मात्रेत औषधी तूप, मग अभ्यंग, वाफ, आणि त्यानंतर विरेचन, म्हणजे औषधाने दिलेला जुलाब. हे मी ज्या कॉलेजात शिकले, त्याचा जन्मच मोठ्या जिद्दीतून झाला. 1912 च्या मुंबई सरकारच्या कायद्याने नोंदणी फक्त पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांना दिली, वैद्य बाहेरच राहिले. पाचच वर्षांनी, 1917 मध्ये, गंगाधरशास्त्री गुणे यांनी नगरला आयुर्वेद महाविद्यालय काढलं. वैद्यांच्या नोंदणीचा कायदा व्हायला 1938 उजाडलं. मधल्या काळात ज्यांनी आपली मुलं या शिक्षणाला घातली, त्या आईबापांचं मला फार कौतुक वाटतं.

जुलाबाची घरातली रीत तर कॉलेजाहून कितीतरी जुनी. सुंठीच्या काढ्यातून एरंडेल द्यायचं. नाहीतर हिरड्याचं चूर्ण. हिरडा आमच्याच जिल्ह्यातला, अकोल्याच्या डोंगरातला. तिथले महादेव कोळी बाळहिरडा वेचून, वाळवून विकतात. एरंडेल घेतलेल्या दिवशी आजी भाकरीला हात लावू द्यायची नाही. गुरगुट्या भात, तूप, चिमूटभर मीठ, बस्स.

त्या गुरगुट्या भातातच खरं शास्त्र आहे. ग्रंथात त्याला संसर्जन क्रम म्हणतात. विरेचनाचे वेग, म्हणजे किती वेळा जुलाब झाले ते, मोजायचे: तीस झाले तर उत्तम शुद्धी, वीस मध्यम, दहा कमी. त्यावरून पुढची जेवणं ठरतात: बारा, आठ किंवा चार. आधी पेज. वाटीभर जुन्या तांदळाला चौदा वाट्या पाणी, मंद आच, शितं बोटाने चेपली की विरघळली पाहिजेत. मग घट्ट विलेपी, मग मुगाचं कढण, आधी साधं, नंतर तूप-जिऱ्याचं. खाणाऱ्याला शेवटी मांसरस. जुलाबाने अग्नी मंदावलेला असतो; फुंकर घालून चूल पेटवावी तसा तो हळूहळू वाढवायचा. विरेचन एका दिवसाचं काम, हे बाकीचं आठवडाभराचं. म्हणूनच ‘दोन दिवसांत पंचकर्म’ अशी पाटी दिसली की मला संताप येतो.

पुण्याचे वैद्य वसंत लाड यांनी 1984 मध्ये अमेरिकेत आयुर्वेदाची संस्था काढली. आपली मुगाची खिचडी तिकडच्या नवख्यांच्या ताटात गेली, त्यात त्यांच्यासारख्यांच्या शिकवणीचा मोठा वाटा आहे. काही दिवस फक्त खिचडी खाणं म्हणजे शोधन नव्हे, पण नवख्याने तिथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. वेळेवर, भूक लागल्यावर, गरम जेवण. निम्म्या तक्रारी तेवढ्यानेच ओसरतात.

गेल्या हिवाळ्यात एक जर्मन बाई आल्या. दुसऱ्या गावी कुठेतरी विरेचन घेतलेलं आणि त्याच संध्याकाळी हॉटेलात पुरीभाजी. तेव्हापासून भूक मेलेली, पोट फुगलेलं. त्यांना पुन्हा एकदा ‘साफ’ व्हायचं होतं. मी विरेचन दिलं नाही. सुंठ घालून पेज कशी करायची ते त्यांना माझ्याच ओट्यावर दाखवलं, मुगाचं कढण लिहून दिलं, दुपारची झोप बंद केली. चौथ्या दिवशी त्या भाकरी मागायला लागल्या. शोधन करायचंच असेल तर शरद ऋतूत या, तोच विरेचनाचा काळ, असं सांगून मी त्यांना परत पाठवलं.