वेग कुणाचा, विभक्ती कुठली: चार इंग्रजी वाक्यांवर आणि एका शब्दावर आइसलँडी भाष्य

भाष्यासाठी चार वाक्ये मुद्दाम साधी रचली आहेत; पाचवा नुसता शब्द आहे. आइसलँडी उच्चार देवनागरीत जमले तितकेच उतरवले आहेत.

१. ‘द ड्रायव्हर ॲक्सिलरेटेड.’

बातमीत किंवा पोलिसी जबाबात ‘ओइका ह्रादान’ चालेल. ‘ओइका’ म्हणजे वाढवणे, ‘ह्रादी’ म्हणजे वेग. वेग हे सरळ कर्म असल्याने त्याची द्वितीया होते. पण शेजारी बसलेला मित्र असे बोलणार नाही. तो म्हणेल ‘ग्येवा ई’, शब्दशः ‘आत देणे’. काय द्यायचे ते सांगावे लागत नाही. पायाखालच्या पेडलचे नावच ‘बेन्सीनग्योव’, म्हणजे पेट्रोल देणे. आपल्याकडेही ‘रेस दे’ असेच म्हणतात. विजेच्या गाडीत मात्र या नावातले पेट्रोल खोटे पडते. तिथे ‘इन्नग्योव’ हा बिनपेट्रोलचा शब्द मला जास्त बरा वाटतो.

२. ‘दे स्पीडेड अप द वर्क.’

खरी गंमत इथे आहे. ‘ह्रादी’च्याच कुळातले ‘ह्रादा’ हे क्रियापद आहे, पण त्याचे कर्म चतुर्थीत जाते: ‘ह्रादा वेर्किनु’. कामाला द्वितीया लावून भाषांतर केले, तर व्याकरण चुकते. ही चतुर्थी लहरी नाही. एखाद्या वस्तूला गती देणाऱ्या आइसलँडी क्रियापदांना बहुधा चतुर्थीच लागते. दगड फेकला, तर दगड चतुर्थीत. ‘स्क्योता’ म्हणजे गोळी झाडणे किंवा मारणे. या क्रियापदाबरोबर सुटणारी गोळी चतुर्थीत असते, आणि ज्याला गोळी लागते त्या पाखराची द्वितीया. क्रियापद एकच, जे हलवले जाते त्याची विभक्ती वेगळी, ज्याच्यावर आघात होतो त्याची वेगळी. काम ही काही हलणारी वस्तू नव्हे, तरीही भाषा त्याला गोळीच्या रांगेत बसवते.

मराठी वाचकाला हे अगदीच परके वाटू नये. ‘कामाचा वेग वाढवला’ आणि ‘कामाला वेग दिला’ यांत आपणही विभक्ती बदलतो. फरक एवढाच, की आपला ‘ला’ ‘देणे’मुळे येतो, आइसलँडीत देण्याघेण्याचा उल्लेखही नसताना चतुर्थी हजर असते.

३. ‘द मीटिंग वॉज मूव्ह्ड अप.’

‘मूव्ह्ड अप’ पाहून इथे ‘ह्रादा’ वापरू नये; ते वापरले तर बैठकच भराभर उरकल्यासारखे होईल. बैठक ठरल्या वेळेच्या आधी घेतली, यासाठी ‘फ्लीता’ हवे. घड्याळाचे काटे पुढे करण्यालाही हेच क्रियापद. आइसलँडमध्ये १९६८ पासून वर्षभर एकच वेळ पाळतात, त्यामुळे वसंतात काटे पुढे करण्याचा प्रसंग आता येत नाही. क्रियापद मात्र शाबूत आहे.

कर्मणी रचनेत ‘फुन्दिनुम वार फ्लीत्त’ असे होते. बैठक वाक्याच्या सुरुवातीला आली, तरी चतुर्थी सोडत नाही, आणि ‘फ्लीत्त’ हे रूप नपुंसकलिंगी एकवचनी राहते. बैठकीचा शब्द पुल्लिंगी आहे, पण क्रियापद त्याची दखल घेत नाही. शाळेत ‘रामाने रावणाला मारले’ हा भावे प्रयोग शिकलेल्याला आणखी स्पष्टीकरण नको. इंग्रजी व्याकरणावर वाढलेला विद्यार्थी मात्र इथे हमखास अडखळतो. त्याला बैठक कर्ता वाटते.

४. ‘हरी अप!’

‘फ्लीत्तु थ्येर!’ किंवा ‘द्रीव्दु थिग!’ दोन्ही घरोघरी चालणारे. पहिल्यात ‘तू’ चतुर्थीत, दुसऱ्यात द्वितीयेत. वर सांगितलेल्या नियमाला ‘द्रीवा’ जुमानत नाही, आणि त्याचे कारण शोधत बसण्यापेक्षा ते पाठ करणे सोपे. चालणाऱ्याला घाई करायला सांगायचे असेल तर ‘ग्रेइक्का स्पोरिद’, अगदी आपल्या ‘पाय उचल’च्या जवळचे.

५. ‘ॲक्सिलरेशन’

पदार्थविज्ञानातले त्वरण म्हणजे ‘ह्रोदुन’. ‘ह्रादा’लाच नामाचा प्रत्यय लागला, आणि पुढच्या ‘उ’मुळे आधीचा ‘आ’ बदलून ‘ओ’सारखा झाला, ‘बार्न’ म्हणजे मूल, त्याचे अनेकवचन ‘बोर्न’, तसे. लॅटिन शब्द जसाच्या तसा उचलण्याऐवजी घरच्या धातूपासून शब्द घडवायचा, ही त्या भाषेची जुनी सवय. शाळेतल्या मुलाला ‘ह्रोदुन’मध्ये रस्त्यावरचा ‘ह्रादी’ सहज दिसतो; आपल्या ‘त्वरणा’त ‘त्वरा’ दिसते खरी, पण ती पोथीतली. ‘लवकर’ म्हणणाऱ्या मुलाला ती दाखवून द्यावी लागते.

त्याच धातूपासून ‘ह्रादाट्ल’, म्हणजे वेगवर्धक. त्याच्या आधी ‘ओरेइन्दा’ जोडले की कणांचा त्वरक, ‘विद्स्किप्ता’ जोडले की नवउद्योगांना काही महिने हाताशी धरणारा कार्यक्रम. इंग्रजीत या दोन्हींना आणि गाडीच्या पेडललाही ‘ॲक्सिलरेटर’ हा एकच शब्द. तेव्हा हा शब्द समोर आला की कोश उघडण्याआधी वाक्यात गाडी आहे, प्रयोगशाळा आहे की गुंतवणूकदार, हे पाहावे.